मध, मोह आणि मळी : जव्हार-मोखाडा परिसरातील घरगुती मद्यनिर्मितीच्या अधिकाराचा इतिहास (१८७८ ते २०२२)

सारांश

पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या आदिवासीबहुल तालुक्यांत मोहाच्या फुलांपासून दारू गाळण्याची परंपरा जुनी आहे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने, १८९२ च्या मोहफूलविषयक कायद्याने आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्याने ही परंपरा क्रमाक्रमाने गुन्ह्याच्या कक्षेत आणली. अलीकडे मधापासून तयार केलेले ‘मीड’ आणि स्थानिक घटकांनी सजवलेली रमची मिश्र पेये यांना शहरी प्रतिष्ठा लाभत आहे. मध, मोह आणि मळी या तीन शर्करास्रोतांच्या आधारे या परिवर्तनाचा मागोवा घेणे आणि मद्यनिर्मितीचा अधिकार कोणाकडून कोणाकडे गेला हे तपासणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

बीजसंज्ञा : मोहफूल, मीड, रम, अबकारी, जव्हार संस्थान, मोखाडा पेटा, वारली, पेसा

१. प्रस्तावना

रम, घरी आंबवलेले मधाचे मद्य, करवंदाचा किंवा जांभळाचा रस आणि थोडा लिंबूरस, असे एखादे पेय आज शहरातील चोखंदळ मंडळींच्या बैठकीत सहज तयार होते. ‘स्थानिक घटक’ हा अशा पेयाचा अभिमानाचा भाग असतो. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत करवंद, जांभूळ, मध आणि मोह या चारही गोष्टी मिळतात. मात्र या भागातील एखाद्या पाड्यावर याच स्थानिक घटकांपासून मद्य तयार झाले, तर त्याला ‘हातभट्टी’ म्हणतात आणि त्याची नोंद पोलीस ठाण्यात होते. कायद्याच्या अक्षरात शहरातील घरगुती मीड आणि पाड्यावरील मोहाची दारू यांत फरक नाही. परवान्याविना केलेली दोन्ही मद्ये बेकायदेशीरच ठरतात. फरक आहे तो समाजाच्या दृष्टीत. ही दृष्टी कशी घडली, याचे उत्तर गेल्या दीडशे वर्षांच्या अबकारी इतिहासात शोधावे लागते.

या विषयाकडे अभ्यासकांचे लक्ष यापूर्वी वेधले गेले आहे. डेव्हिड हार्डिमन यांनी दक्षिण गुजरातेतील मद्यपानाच्या राजकारणाचा आणि १९२२-२३ च्या देवी चळवळीचा, तर इंद्रा मुन्शी सलढाणा यांनी वसाहतकालीन ठाणे जिल्ह्यातील दारूच्या इतिहासाचा विस्तृत अभ्यास केला आहे. प्रस्तुत निबंधाचा भर जव्हार आणि मोखाडा यांमधील सीमेवर, तसेच मध, मोह आणि मळी यांच्या परस्परसंबंधावर आहे.

२. शब्दांची कुळकथा

मधापासून केलेल्या मद्याला इंग्रजीत ‘मीड’ म्हणतात. हा शब्द आणि संस्कृतातील ‘मधु’ हे एकाच इंडो-युरोपीय मूळ शब्दाची अपत्ये आहेत. मोहाच्या झाडाचे संस्कृत नाव ‘मधूक’ हेही ‘मधु’ या शब्दाशीच जोडलेले आहे. प्राकृतातून येताना त्याचे हिंदीत ‘महुआ’ आणि मराठीत ‘मोह’ झाले. म्हणजे परदेशी वाटणारे मीड आणि जंगलातली मोहाची दारू ही नावाच्या दृष्टीने एकाच घराण्यातील आहेत.

वस्तू म्हणून मात्र तिन्ही पदार्थांचे स्वभाव निरनिराळे आहेत. मधात साधारण ऐंशी टक्के शर्करा आणि वीस टक्क्यांहून कमी पाणी असते. त्यामुळे पक्व मध आपोआप आंबत नाही. त्यात दोन-तीन पट पाणी घालून पातळ केल्यावरच किण्व काम करू शकते आणि काही आठवड्यांनी साधारण आठ ते चौदा टक्के मद्यार्क असलेले पेय मिळते. मोहाच्या वाळलेल्या फुलांत निम्म्याहून अधिक वजन शर्करेचे असते. ती पाण्यात भिजवून काही दिवस आंबवली आणि मडक्यात तापवून त्यांची वाफ नळीवाटे थंड केली की दारू मिळते. मळी हा साखर कारखान्यातला उपपदार्थ होय. साखरेचे स्फटिक काढून घेतल्यावर उरणाऱ्या या काळसर, दाट द्रवातही शर्करेचा मोठा अंश राहतो आणि त्यापासून रम तयार होते. मध माशी गोळा करते, मोहफूल बाई वेचते, मळी कारखान्यातून मिळते. तिन्ही मद्यांमागील सामाजिक व्यवस्था या एका भेदातून स्पष्ट होते.

राज्यसंस्था आणि मद्य यांचा संबंधही प्राचीन आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. मद्यावरील राज्याचे नियंत्रण हा त्याचा विषय असला, तरी तेथे एक अपवाद स्पष्टपणे नोंदवलेला आहे. कुटुंबवत्सल गृहस्थांना मंगलकार्याच्या प्रसंगी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट घरी करण्याची मुभा होती. उत्सव, समाज आणि यात्रा यांसाठी चार दिवसांची मोकळीक द्यावी, असेही तेथे म्हटले आहे. महसुलाविषयी अत्यंत दक्ष असलेल्या शास्त्रकारानेही घरगुती आणि विधिविषयक मद्यनिर्मितीला जागा ठेवली होती, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

३. मिश्र पेयाची पश्चिम भारतीय पूर्वपीठिका

ऊर्ध्वपातित मद्यात स्थानिक फळांचा रस व साखर मिसळण्याची पद्धत आज पाश्चात्त्य मानली जाते. तथापि ‘पंच’ या प्रसिद्ध मिश्र पेयाचे जुने उल्लेख सतराव्या शतकातील भारतातील युरोपीय वखारींच्या परिसरातूनच येतात. या नावाचा उगम बहुधा ‘पाच’ या संख्यावाचक शब्दात असावा, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. १६३८ मध्ये सुरतेस आलेला जर्मन प्रवासी मांडेल्स्लो याने तेथील इंग्रजांच्या अशाच एका पेयाची नोंद केली असून त्यात मद्य, गुलाबपाणी, लिंबूवर्गीय फळाचा रस आणि साखर हे घटक सांगितले आहेत.

सुरत आणि जव्हार यांचे भौगोलिक नाते जवळचे आहे. १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेच्या स्वारीवर जाताना जव्हारच्या राजाने त्यांची भेट घेतली, ती जागा म्हणून जव्हारजवळचे शिरपामाळ आजही दाखवले जाते. सह्याद्री आणि समुद्र यांमधील या पट्ट्यात मद्य गाळणारे, विकणारे आणि पिणारे असे सर्व घटक ब्रिटिश सत्तेपूर्वीच अस्तित्वात होते. मिश्र पेयाचा इतिहास लिहिताना वखारीतील गोऱ्या व्यापाऱ्याचा पेला दिसतो. त्यातील मद्य गाळणारा हात मात्र नजरेआड राहतो.

४. डोंगरपट्ट्यातील परंपरा

जव्हार हे महादेव कोळी समाजातील मुकणे घराण्याचे संस्थान होते. जयबा मुकणे यांनी चौदाव्या शतकात ते स्थापन केले, अशी परंपरा आहे. मोखाडा त्याच्या पूर्वेस, सह्याद्रीच्या बाजूला आहे. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी या जमाती या दोन्ही तालुक्यांत राहतात. भात, नाचणी आणि वरई ही येथील डोंगरउतारावरची पिके होत. नागली-वरई संपल्यावर नवे पीक येईपर्यंतचा काळ कठीण असतो आणि त्या काळात जंगलच कुटुंबाला तारते.

मोहाला या जीवनक्रमात मध्यवर्ती स्थान आहे. फाल्गुन-चैत्रात पहाटे गळणारी फुले प्रामुख्याने स्त्रिया व मुले वेचतात. ती वाळवून ठेवली जातात, भाजून किंवा शिजवून खाल्ली जातात, गुरांनाही घातली जातात. बियांपासून खाद्यतेल निघते. दारू हा या अनेक उपयोगांपैकी एक उपयोग आहे. लग्न, मर्तिक, देवकार्य, पंचायतीचा निवाडा अशा प्रसंगी मद्याचे थेंब प्रथम भूमीला व पूर्वजांना अर्पण करण्याची रीत आढळते. मुखवटे घालून नाचण्याच्या ‘बोहाडा’ या मोखाडा-जव्हार भागातील उत्सवाची आणि तारप्याच्या नाचाची रात्रही याच सामूहिक जीवनाचा भाग आहे. किनाऱ्याकडील डहाणू-पालघर भागात ताडीला जे स्थान आहे, ते वरच्या डोंगरपट्ट्यात मोहाला आहे.

मधाचे स्थान वेगळे होते. आग्या माशीचे कड्यावरील किंवा उंच झाडावरील पोळे काढणे हे धाडसाचे काम. सातेरी माशीचा मध झाडाच्या ढोलीतून मिळतो, तर फुलोरी माशीचे लहान पोळे झुडपांत सापडते. हा मध खाण्यासाठी, औषधासाठी आणि बाजारात मीठ-कापड मिळवण्यासाठी उपयोगी पडे. जे फूल टोपलीभर फुकट मिळते त्याचे मद्य करावे आणि जो मध जीव धोक्यात घालून वाटीभर मिळतो तो जपून वापरावा, यात साधे व्यवहारज्ञान होते. म्हणून मीड हे या भागासाठी नवे पेय असले तरी त्याचा कच्चा माल आणि तो मिळवण्याचे कौशल्य दोन्ही येथील आहेत.

५. अबकारी कायदा आणि एका सीमेच्या दोन बाजू

१८७८ चा मुंबई अबकारी कायदा हा या इतिहासातील निर्णायक टप्पा होय. या कायद्याने परवान्याविना मद्यनिर्मितीस मनाई केली. विखुरलेल्या स्थानिक भट्ट्यांच्या जागी मध्यवर्ती भट्टी आणि तेथून परवानाधारक दुकानांना पुरवठा, ही पद्धत रूढ झाली. चार्ल्स प्रिचर्ड या अधिकाऱ्याच्या कारकिर्दीत ताडीच्या झाडांवरील करही मोठ्या प्रमाणात वाढवण्यात आला. दुकानांचे मक्ते पुष्कळदा पारशी व्यापाऱ्यांकडे गेले. उरण येथील भट्ट्यांतून मुंबई व ठाणे परिसराला मोहाची दारू पुरवली जाई. त्यासाठीची फुले प्रामुख्याने गुजरातेतून, विशेषतः पंचमहालातून येत.

येथे एक विसंगती लक्षात घेतली पाहिजे. ठाणे जिल्ह्यातील आदिवासीच्या दारात मोह उभा होता. मात्र त्या झाडाच्या फुलाची दारू त्याने गाळली तर तो गुन्हा होता. शेकडो मैलांवरून आलेल्या फुलांची दारू उरणला गाळली जाऊन, कर भरून दुकानात आली की ती कायदेशीर होई. फूल तेच, कृती तीच, परिणामही तोच. फक्त सरकारचा महसूल आणि मक्तेदाराचा नफा यांची भर पडलेली असे.

घरोघरीच्या भट्टीवर लक्ष ठेवणे डोंगराळ प्रदेशात अशक्य होते. म्हणून सरकारचे लक्ष भट्टीवरून फुलाकडे वळले. १८८२ च्या सुमारास मोहफुलांवर निर्बंध घालण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा हे फूल गरिबांचे अन्न आहे असा आक्षेप खुद्द सरकारी वर्तुळातच घेतला गेला आणि तो प्रयत्न मागे पडला. परंतु दहा वर्षांनी, १८९२ मध्ये मोहफूलविषयक कायदा झाला आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगणे, आणणे व विकणे यांवर नियंत्रण आले. दारूवरील नियंत्रण अशा प्रकारे अन्नापर्यंत पोहोचले. टंचाईच्या महिन्यांसाठी साठवलेले फूलही आता संशयास्पद वस्तू ठरू शकत होते.

जव्हार आणि मोखाडा यांचा एकत्र विचार करण्याचे कारण येथे स्पष्ट होते. मोखाडा हा ब्रिटिश मुलखातील पेटा असून १८८२ च्या ठाणे गॅझेटिअरच्या काळात तो शहापूर तालुक्याचा भाग होता. जव्हार मात्र संस्थान होते. मुंबई कायदेमंडळाने केलेला कायदा मोखाड्यात आपोआप लागू होई, जव्हारात होत नसे. तेथे दरबाराचा अधिकार चाले. या दोहोंमधील सीमा नकाशावर होती, जंगलात नव्हती. एकाच जमातीची, नात्यागोत्यातील माणसे दोन्ही बाजूंस राहत. सोयरीक इकडून तिकडे होई आणि लग्नाची दारू ओढा ओलांडली की तिचा कायदेशीर दर्जा बदले. अबकारी महसुलाच्या दृष्टीने संस्थानांची सरहद्द ही ब्रिटिश अधिकाऱ्यांची कायमची डोकेदुखी होती. सीमेच्या दोन्ही बाजूंस राहणाऱ्या आदिवासींच्या दृष्टीने मात्र ‘कायदा’ नावाची गोष्ट कृतीच्या बऱ्या-वाईटाशी संबंधित नसून जागेशी संबंधित आहे, हा धडा त्यातून मिळाला असला पाहिजे.

१९३६ च्या आदेशाने शहापूर व डहाणू तालुके आणि मोखाडा व उंबरगाव पेटे ‘अंशतः वगळलेले क्षेत्र’ म्हणून घोषित झाले. अशा क्षेत्रांतील आदिवासींच्या स्थितीवर डी. सिमिंग्टन यांनी १९३८ मध्ये अहवाल सादर केला. सावकार, जमीनदार आणि जंगल ठेकेदार यांच्याकडून होणारी पिळवणूक त्यातून शासनदरबारी नोंदली गेली. १९४८ मध्ये जव्हार संस्थान विलीन होऊन ठाणे जिल्ह्यात समाविष्ट झाले आणि सीमेच्या दोन्ही बाजूंस एकच कायदा आला.

६. मद्य, कर्ज आणि आत्मपरीक्षण

घरगुती मद्यनिर्मितीचे समर्थन म्हणजे मद्यपानाचे उदात्तीकरण नव्हे. मद्याने केलेली हानी हाही या इतिहासाचा भाग आहे. महात्मा फुले यांनी १८८० मध्ये पुणे नगरपालिकेत दारूच्या दुकानांना केलेला विरोध सर्वज्ञात आहे. त्यांचा रोख लोकांच्या आरोग्याची व संसाराची किंमत देऊन चाललेल्या विक्रीव्यवस्थेवर होता.

आदिवासी समाजातूनही असा विरोध उभा राहिला. १९२२ मध्ये पालघरच्या किनाऱ्यावरील कोळी वस्त्यांपासून सुरू झालेली देवीच्या संचाराची लाट डोंगरपट्ट्यातील आदिवासींमध्ये पसरत दक्षिण गुजरातेपर्यंत पोहोचली. अंगात आलेल्या देवीचे आदेश स्पष्ट होते : दारू व ताडी सोडा, मांसाहार सोडा, रोज स्नान करा, पारशी मक्तेदारांशी व्यवहार तोडा. हार्डिमन यांच्या विवेचनानुसार हा नुसता नीतिपाठ नव्हता, तर दारूच्या दुकानाभोवती उभ्या राहिलेल्या आर्थिक सत्तेला दिलेले ते आव्हान होते. दारू सोडण्याचा निर्णय येथे समाजाने स्वतः घेतला होता, हे त्याचे वैशिष्ट्य.

दारूचे दुकान आणि कर्ज यांचा संबंध समजल्याशिवाय या आव्हानाचे मर्म कळत नाही. लग्नात पाहुण्यांना मद्य देणे ही रीत होती. घरचे मद्य गुन्हा ठरल्यावर ते विकत घेणे भाग पडले. त्यासाठी रोख पैसा हवा आणि तो सावकाराकडेच मिळे. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी पतिपत्नीने धनकोकडे राबायचे, ही ‘लग्नगडी’ पद्धत ठाणे जिल्ह्यात होती. लग्नखर्चाचे घटक अनेक असले तरी एके काळी फुकट मिळणाऱ्या वस्तूची किंमत द्यावी लागणे हा त्यातील एक घटक होता, असा निष्कर्ष काढणे योग्य ठरेल. १९४५ च्या वारली उठावात लग्नगडी व वेठबिगारीचे जोखड झुगारले गेले. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या ग्रंथात त्या लढ्याचे दर्शन घडते.

७. दारूबंदी आणि मळीचा विजय

मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ ने जुन्या अबकारी कायद्याची जागा घेतली. हेतू बदलला, पूर्वी महसूल हे उद्दिष्ट होते, आता नशाबंदी हे झाले. मात्र पाड्यावरील भट्टीच्या दृष्टीने फरक पडला नाही. कलम १२ अन्वये मद्यनिर्मिती निषिद्ध ठरली, कलम ६५ ने तिला शिक्षा ठरवली आणि मोहफुलांवरील नियंत्रणही पुढे चालू राहिले. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बलसारा खटल्यात या कायद्याचा बहुतांश भाग वैध ठरवला.

याच काळात महाराष्ट्राच्या ग्रामीण अर्थव्यवस्थेत एक मोठे स्थित्यंतर घडत होते. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास उभा राहिला आणि त्यानंतर कारखान्यांची रांग लागली. साखरेबरोबर मळी आली, मळीबरोबर मद्यार्काचे प्रकल्प आले. पुढे दारूबंदीचे धोरण सैल होत गेले आणि १९७३ मध्ये महाराष्ट्र देशी दारू नियम अस्तित्वात आले. या नियमांखाली दुकानात मिळणारी ‘देशी’ ही प्रामुख्याने मळीच्या मद्यार्कापासून, संत्रा-मोसंबीसारखे स्वाद देऊन बनवली जाऊ लागली. मळीपासूनची रमही प्रतिष्ठित ‘विदेशी मद्य’ या वर्गात विकली गेली.

संज्ञांचा हा खेळ उद्बोधक आहे. बागायती पट्ट्यातील उसाची मळी कारखान्यात गाळली की ती ‘देशी’ किंवा ‘विदेशी’, पण दोन्ही प्रकारे कायदेशीर. डोंगरातील मोह मडक्यात गाळला की तो ‘गावठी’ आणि बेकायदेशीर. ज्या पिकामागे पाणी, सहकार आणि सत्ता उभी राहिली त्याचे मद्य मान्यता पावले. ज्या झाडामागे पाड्यावरची वेचणारी बाई होती त्याचे मद्य धाडीच्या कक्षेत राहिले. पाठलागाच्या भीतीने हातभट्टीचा दर्जाही घसरला. चार-पाच दिवस संथपणे आंबणाऱ्या फुलांऐवजी काळा गूळ आणि नवसागर वापरून घाईने दारू काढण्याचा प्रकार बोकाळला. ‘पहिल्या धारेची’ या शब्दप्रयोगात जो कारागिरीचा अभिमान होता, तो भट्टी लपवावी लागल्यावर टिकणे कठीणच होते.

केंद्र शासनाने १९७० च्या दशकाच्या मध्यास आदिवासी क्षेत्रांसाठी अबकारी धोरणाची मार्गदर्शक तत्त्वे राज्यांना कळवली. आदिवासी भागातील व्यापारी दारूविक्री थांबवावी आणि सामाजिक-धार्मिक गरजेपुरती घरगुती निर्मिती मान्य करावी, असा त्यांचा आशय होता. मध्य प्रदेशात अनुसूचित जमातींना घरगुती वापरासाठी मर्यादित सवलत मिळाली. महाराष्ट्राच्या कायद्यात अशी सर्वसाधारण सवलत रुजली नाही.

८. ग्रामसभा, मीड आणि मोहाचे पुनरागमन

गेल्या तीन दशकांत या प्रश्नाला दोन वेगवेगळ्या दिशांनी नवे वळण मिळाले. पहिली दिशा हक्कांची. अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्याने गौण वनोपजाची मालकी, तसेच मादक पदार्थांवर बंदी, नियमन किंवा निर्बंध घालण्याचा अधिकार ग्रामसभा व पंचायतींना देण्याची तरतूद केली. २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाच्या व्याख्येत मधाचा स्पष्ट उल्लेख आहे. महाराष्ट्राने पेसाचे नियम २०१४ मध्ये केले आणि त्याच वर्षी १ ऑगस्टला पालघर जिल्हा अस्तित्वात आला. २०२१ मध्ये राज्य शासनाने मोहफुले गोळा करणे, साठवणे व वाहतूक करणे यांवरील निर्बंध उठवण्याचा निर्णय घेतला. १८९२ मध्ये ठाणे जिल्ह्यात सुरू झालेली फुलावरची पाळत सुमारे एकशे तीस वर्षांनी शिथिल झाली.

दुसरी दिशा बाजाराची. २००१ च्या द्राक्षप्रक्रिया धोरणाने नाशिकच्या वाइनला करसवलतींचा आधार दिला. त्यानंतर बोर्डी परिसरात चिकूपासून वाइन झाली, पुण्यात ‘मूनशाइन’ आणि नाशकात ‘सेराना’ या मीड बनवणाऱ्या उद्योगांनी मधाच्या मद्याला परवानाधारक रूप दिले. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने काजू, मोहफुले यांसारख्या स्थानिक उत्पादनांपासूनच्या मद्याला ‘विदेशी मद्या’च्या वर्गात स्थान देण्याचा निर्णय घेतला. गोव्याच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि २०१६ मध्ये तिला वारसा-मद्याचा दर्जा लाभला. मध्य प्रदेशानेही मोहाच्या मद्याला ‘हेरिटेज मद्य’ म्हणून पुढे आणले आणि ते बनवण्याचे काम आदिवासी बचत गटांकडे सोपवले.

या पार्श्वभूमीवर निबंधाच्या प्रारंभी उल्लेखिलेल्या पेल्याकडे पुन्हा पाहता येईल. भारतीय रममध्ये सामान्यतः ४२.८ टक्के मद्यार्क असतो. अशी ३० मिलिलिटर रम, दहा टक्क्यांचे ६० मिलिलिटर मीड आणि ६० मिलिलिटर करवंदाचा रस एकत्र केल्यास सुमारे साडेबारा टक्क्यांचे पेय होते, म्हणजे साधारण वाइनइतके. रमचा तिखटपणा मधाच्या मद्याने मवाळ होतो आणि करवंदाची आंबट-तुरट चव गोडव्याला आवर घालते. चवीच्या दृष्टीने हे मिश्रण सुसंगत आहे. इतिहासाच्या दृष्टीने मात्र त्यात तीन भिन्न प्रवाह एकत्र येतात : कारखान्याची मळी, जंगलाचा मध आणि डोंगरातील मेवा. यांपैकी मळीला कायद्याचे पूर्ण संरक्षण आहे. मध विकण्याचा हक्क आदिवासीला आहे, पण त्याचे मद्य करण्याचा परवाना भांडवल आणि कागदपत्रे असणाऱ्यालाच पेलतो. करवंदे एस.टी. स्थानकावर पानाच्या द्रोणात विकली जातात आणि त्यांचे मोल सर्वांत कमी असते.

मोहाला ‘विदेशी’ वर्गात बसवण्याच्या निर्णयाचाही याच अंगाने विचार व्हावा. फुलाला चांगला भाव मिळण्याची शक्यता त्यात निश्चितच आहे. परंतु परवाना, यंत्रसामग्री, बाटलीबंदी आणि विपणन यांची साखळी पाहता, फूल पाड्यावरून जावे आणि मद्य दुकानातून परत यावे, ही उरणच्या काळातील रचना नव्या वेष्टनात पुन्हा उभी राहण्याचा धोकाही आहे. हे टाळायचे तर बचत गट व ग्रामसभा यांना केवळ कच्चा माल पुरवणारे न मानता निर्माते मानावे लागेल.

याच्या उलट बाजूचाही विचार आवश्यक आहे. दारूमुळे होणारी घरगुती हिंसा, आजार आणि उधळपट्टी यांचा भार सर्वाधिक स्त्रियांवर पडतो. गडचिरोली जिल्ह्यात लोकआंदोलनानंतर १९९३ मध्ये दारूबंदी झाली आणि राज्यात अनेक गावांतील स्त्रियांनी ‘आडव्या बाटली’ला मत देऊन दुकाने बंद पाडली. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे १९९२-९३ मध्ये झालेल्या कुपोषणबळींची आठवण या भागात पुसली गेलेली नाही. अशा भागात मद्यनिर्मितीला उत्तेजन देणे हा विकास नव्हे, असा आक्षेप घेतला जाईल आणि तो गांभीर्याने घेतला पाहिजे. तथापि त्याचे उत्तर देण्याचा पहिला अधिकार पेसा कायद्याच्या आशयानुसार ग्रामसभेचा, त्यातही ग्रामसभेतील स्त्रियांचा आहे. फूल वेचणारी तीच, बहुतेक वेळा भट्टी सांभाळणारी तीच आणि दारूचा त्रास भोगणारीही तीच.

९. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

पहिला, जव्हार-मोखाडा परिसरात मद्यनिर्मिती ही अन्न, विधी आणि ऋतुचक्र यांच्याशी जोडलेली घरगुती कृती होती. १८७८ च्या कायद्याने तिला महसुलाचा प्रश्न बनवले, १८९२ च्या कायद्याने फुलाला आणि १९४९ च्या कायद्याने माणसाला गुन्ह्याच्या कक्षेत ओढले.

दुसरा, जव्हार व मोखाडा यांमधील संस्थानी-ब्रिटिश सीमा १९४८ पर्यंत एकाच समाजाला दोन कायद्यांत विभागत होती. त्यामुळे मद्यविषयक कायद्याला येथे नैतिक अधिष्ठान लाभणे कठीण झाले.

तिसरा, मळीच्या मद्याचा उत्कर्ष आणि मोहाच्या मद्याचा ऱ्हास ही परस्परसंबद्ध घटना असून तिचे कारण चवीत किंवा आरोग्यात नसून संघटित पीक आणि असंघटित वनोपज यांच्या विषम बळात आहे.

चौथा, मीड आणि स्थानिक घटकांची मिश्र पेये यांना मिळणारी प्रतिष्ठा स्वागतार्ह असली, तरी त्या प्रतिष्ठेचा वाटा मध काढणाऱ्यापर्यंत आणि फूल वेचणारीपर्यंत पोहोचल्याशिवाय ‘स्थानिक’ हा शब्द अपुराच राहतो.

कौटिल्याने गृहस्थाला मंगलकार्यापुरते मद्य घरी करू दिले होते. देवीच्या संचारात आदिवासींनी ते स्वतःहून सोडूनही दाखवले. करण्याची मुभा आणि सोडण्याचा निर्णय या दोन्ही गोष्टी ज्याच्या हाती असतात, तोच समाज आपल्या मद्याचा खरा धनी म्हणता येईल. चैत्रातल्या पहाटे मोखाड्याच्या रानात टोपली घेऊन मोहाखाली वाकलेल्या बाईला फूल घरी नेण्याची मोकळीक आता मिळाली आहे. त्या फुलाचे पुढे काय करायचे, हे ठरवण्याचा अधिकार तिच्याकडे येईल तेव्हाच १८७८ मध्ये सुरू झालेले हे प्रकरण पूर्ण होईल.